मॅनेज झालेला माणूस

१४ ऑगस्ट

उद्या ग्रामसभा. साहेबराव बोलणार, मी अनुमोदन देणार – ठरलं. विहाराशेजारची मोकळी जागा पोरांच्या अभ्यासिकेला मिळावी, एवढंच मागणं आहे. उपसरपंच भुजंगला तिथं दुकानांचे गाळे काढायचेत. आमच्या वस्तीतल्या घरांत एकच खोली, तिथंच चूल, तिथंच टीव्ही. पोरींनी अभ्यास कुठं करायचा? मी पिठाच्या गिरणीवर बसणारा माणूस, हे सभेत नीट सांगणं मला जमायचं नाही. चार माणसांसमोर उभा राहिलो की घसा सुकतो.

साहेबरावाचं तसं नाही. वर्षावासात तो विहारात ग्रंथ वाचायला बसला की रस्त्यावरचा माणूसही सायकल थांबवतो. विहार समितीचा अध्यक्ष तोच. पहिलीपासून आम्ही एका पट्टीवर बसलो.

"भारता, तू फक्त हात वर कर. बाकीचं माझ्यावर सोड."

१५ ऑगस्ट

साहेबराव बोललाच नाही.

१६ ऑगस्ट

काल पुढं लिहवलं नाही.

शाळेच्या पटांगणात सभा. झेंडावंदनाचे पांढरे कपडे सगळ्यांच्या अंगावर तसेच. भुजंगनं गाळ्यांचा ठराव मांडला. ग्रामसेवकानं विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का? मी साहेबरावाकडं बघितलं. तो चपलेचा अंगठा चाचपत होता. मी कोपरानं ढोसलं. त्यानं मान हलवली – नाही अशी.

वाटलं, थांबला असेल, वेळ बघून बोलेल.

हात वर करा म्हटल्यावर त्याचा हात वर गेला नाही. विरोधातही गेला नाही. दोन्ही हात मांडीवर, पालथे. मग मीच उठलो. "ती जागा पोरांना..." एवढंच आलं तोंडातून. मागून कुणीतरी म्हणालं, "गिरणी सुरू व्हायला वेळ लागतो बरं का!" सगळे हसले. साहेबराव हसला नाही, पण उठलाही नाही. ठराव मंजूर.

येताना तो माझ्या पुढं पुढं चालत गेला. हाक मारली असती तर थांबला असता कदाचित. नाही मारली.

१८ ऑगस्ट

नंदाबाई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आल्या. डबा ठेवायच्या आधीच –

"भारतभाऊ, तुमचा साहेबराव मॅनेज झाला म्हन्तेत."

"कोण म्हणतं?"

"सारं गावच म्हणून राह्यलंय. मला तर पानटपरीवर कळलं."

"पानटपरीवर तुम्ही काय करायला गेल्त्या?"

"तंबाखू आणायला गेल्ते, दुसरं काय."

गिरणी चालू केली, म्हणून पुढचं ऐकू आलं नाही. पण तो शब्द कानात राहिला. मॅनेज झाला. विकला गेला असं कुणी म्हणत नाही. फितूर झाला असंही नाही. मॅनेज झाला – जसं दूध नासलं, जसं टायर पंक्चर झालं. ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायची कुणाला गरजच वाटत नाही.

१९ ऑगस्ट

विहारात गेलो नाही. घरीच मेणबत्ती लावून वंदना म्हटली. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, अडकलो. गप्प बसणं खोट्यात येतं का?

२१ ऑगस्ट

एकदा शब्द कानात बसला की तोच ऐकू येतो. आज अंबडला गेलो होतो, गिरणीच्या मोटारीचं सामान आणायला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मागं सरका, मॅनेज करून घ्या." दुकानदार – "हा बेल्ट एक नंबर मोठा आहे, पण मॅनेज होईल." कोर्टासमोरच्या हॉटेलात दोघं चहा पीत होते. एक दुसऱ्याला सांगत होता, "साक्षीदार मॅनेज आहे, तुम्ही निवांत राहा." आणि घरी आलो तर मेहुणा बायको घेऊन आलेला. माझी बायको गिरिजा म्हणाली, "वरणात पाणी घालते, करते मॅनेज."

चौघांचा शब्द एकच. गिरिजाच्या तोंडी तो किती चांगला वाटतो. आहे तेवढ्यात सगळ्यांना पुरवणं. आणि हॉटेलातल्या माणसाच्या तोंडी ऐकला तर चहा अर्धा टाकून उठलो.

२४ ऑगस्ट

शाळेतल्या सुमेधा मॅडम गव्हाचं दळण घेऊन आल्या. इंग्रजी त्याच शिकवतात. त्यांना विचारलं, या शब्दाचा खरा अर्थ काय हो?

आधी हसल्या. "का, तुमचं कोण मॅनेज झालं?" माझं तोंड बघितलं. मग नीट सांगितलं. मूळ शब्द इंग्रजांचा नाही, इटलीकडून आला. तिकडं हाताला जो शब्द आहे, त्यातून निघाला. आधी घोड्यांसाठी वापरायचे – घोडा शिकवणं, हातानं काबूत ठेवणं. मग घर चालवणं, कारखाना चालवणं. आणि एखादी अवघड गोष्ट कशीबशी पार पाडली, तरी तिकडं हाच शब्द. त्यात वाईट काही नाही.

"आणि आपल्याकडं माणूस मॅनेज होतो, तो?"

"तो अर्थ आपण लावला, भाऊ. पुस्तकात शोधला तर सापडायचा नाही असा."

पुस्तकातून नाही आला, तर आमच्याच ओट्यांवरून आला असणार. आम्हाला गरज पडली म्हणून.

२५ ऑगस्ट

घोडा डोक्यातून जात नाही. लग्नातला घोडेवाला आठवतो. वाजंत्र्यानं घोडं बुजलं की तो चाबूक काढत नाही. मानेवरून हात फिरवतो, गुळाचा खडा तोंडाशी धरतो. घोडं उभं राहतं. लोकांना वाटतं, गरीब आहे बिचारं.

साहेबरावाच्या मानेवरून कुणी हात फिरवला? कसला गूळ? त्याच्या घरात तर काही बदललेलं दिसत नाही. तीच गळकी पत्र्याची खोली. उद्या विचारतोच.

२६ ऑगस्ट

विचारलं. तो गोठ्यात होता, म्हशीला पेंड टाकत होता.

"काय मिळालं तुला?"

"बस आधी. चहा ठेवायला सांगतो."

"चहा नको. काय मिळालं?"

"काही न्हाई मिळालं."

"मंग गप का बसला?"

त्यानं पेंड कालवायला घेतली. मग म्हणाला, "भारता, तुला जे वाटतं ते बराबर समज. मला बोलायला लावू नको."

एवढा राग मला कधी आला नव्हता. शिवी आली होती ओठांवर, गिळली. त्यानं काही कारण सांगितलं असतं, भांडला असता, तरी चाललं असतं. लहानपणी माझ्या वाटची छडी त्यानं खाल्लेली आहे. तोच हा.

२९ ऑगस्ट

भुजंग स्वतः दळण घेऊन आला. एरवी गडी येतो. "भारतराव, मनावर घेऊ नका. गाळ्यांतला एक तुमच्या वस्तीला देऊ की." मी दळण दळलं. पीठ गरम होतं, तसंच डब्यात भरलं. जाताना हसत म्हणाला, "साहेबराव समजदार माणूस आहे."

म्हणजे खरंच.

३० ऑगस्ट

गिरिजाला सांगितलं, पौर्णिमेला विहारात बैठक आहे, मी बोलणार. ती म्हणाली, "सोडा ना आता. जागा गेली ती गेली. माणूस कशाला घालवता?"

माणूस मी घालवला?

७ सप्टेंबर, पौर्णिमा

वंदना झाली. साहेबराव ग्रंथ उघडायला बसला तेव्हा मी उठलो. घसा सुकला नाही. शब्द आपोआप येत होते, एकापाठी एक. म्हणालो, ज्याचं तोंड सभेत बंद राहतं, त्या तोंडानं इथं वाचू नये. म्हणालो, पोरांची जागा ज्यानं घालवली त्यानं समितीत राहू नये. मॅनेज झालेला माणूस, असंही म्हणालो. सगळ्यांच्या देखत. तथागतांच्या मूर्तीसमोर.

वाटलं होतं, आता तरी बोलेल. चांगुणाबाई म्हाताऱ्या आहेत, त्या म्हणाल्या, "अरे साहेबराव, काहीतरी बोल की. तुझ्यासाठी न्हाई तर आमच्यासाठी बोल." त्यानं ग्रंथ कापडात गुंडाळला. उठून विहाराची किल्ली माझ्या हातात दिली. बायकांच्या बाजूला कुणीतरी रडत होतं, मी बघितलं नाही. तो मूर्तीला वाकून गेला.

मग ग्रंथ मी वाचला. नीट वाचला. माझा आवाज चांगला आहे, असं दोघांनी सांगितलं.

८ सप्टेंबर

झोप चांगली लागली. असं का लिहावंसं वाटलं कोण जाणे.

१० सप्टेंबर

साहेबरावाच्या घरचं दळण आता दुसऱ्या गावाला जातं. सायकलवर डबा बांधून तो निघालेला दिसला. मी गिरणीच्या दारात उभा होतो. त्यानं मान खाली घातली नाही, वर बघितलंही नाही. जसा रस्ता होता तसा गेला.

१३ सप्टेंबर

गिरिजानं पेढा हातावर ठेवला. आमच्या लेकीला, पायलला, सोमवारपासून ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरच्या कामावर बोलावलंय. दोन वर्षं पोरगी अर्ज करत होती. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, भुजंगनं आपल्या पोरीला कसं घेतलं?

गिरिजा ओट्याकडं तोंड करून म्हणाली, "गावसभेच्या आदल्या रात्री मी साहेबरावभाऊजींच्या पाया पडायला गेल्ते. फक्त उद्याच्या दिवस गप बसा म्हणलं, भुजंगची अट तेवढीच होती. तुम्हाला सांगू नये म्हणून लेकीची शपथबी मीच घातली."

पेढा तोवर गिळून झाला होता.