बाबल्याचा ताबा

मी, धोंडू बाळा घाडीगावकर, राहणार मुलुंड पूर्व, पूर्वी लेथ कामगार, आता घरीच, हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर केला याबद्दल सर्व संबंधितांची माफी मागतो. लिहिले की माणूस मरतो असे वाटून टाळत होतो. पण मागच्या आठवड्यात ताप चढला तेव्हा कळले की न लिहिताही मरता येते. आज ताप नाही, डोके जागेवर आहे आणि बाजूला बसून कोणी सांगत नाही. शिक्षण चौथीपर्यंत, तरी चूकभूल समजून घ्यावी.

१. राहती खोली, भांडीकुंडी व पोस्टातली शिल्लक पत्नी जानकी हिला. यात कोणी तोंड घालू नये.

२. माझी हत्यारे जावयांना. त्यांना कानस कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही, पण जावई आहेत. मोठा पाइप पाना यात नाही. तो माझा भाऊ लवू गणपतीच्या सणाला गावी घेऊन गेला, पाना परत आलाच नाही. तो मी त्याला आजपासून दिला असे धरावे. निदान चोरीचा तरी राहणार नाही.

३. कासव. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या जिवाला घोर याचाच आहे.

आमच्या चाळीची विहीर बुजवायला घेतली तेव्हा आत एक कासव होते. पाणी साफ राहावे म्हणून कोणीतरी पूर्वी सोडलेले. कंबरेला दोर बांधून खाली मी उतरलो. गुडघा माझा फुटला. बादलीत घालून वर मी आणले. आणि ते लागले जानकीच्या मागे. तिने टबातून बाहेर काढले की मोरीपासून स्टोव्हपर्यंत तिच्या पावलांवर पाऊल. मी सुका जवळा पुढे केला की मान आत, तिने केला की मान बाहेर.

शिवाय तिने त्याचे नाव ठेवले बाबल्या. माझे नाव तिने लग्नात उखाण्यात घेतले, त्यानंतर नाही. मला "ऐकलात?" आणि त्याला दिवसभर "बाबल्या, ये रे बाबल्या." चाळीत कोणालाही विचारा.

शेजारचे शरच्चंद्र ओक कॉलेजात शिकवतात. ते म्हणाले, "धोंडूकाका, सरपटणाऱ्या प्राण्यांना माया वगैरे नसते हो. ऊब आणि खाणं, एवढंच." त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. जानकीला मुद्दाम सांगितले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मगे तुमचा तरी काय येगळा आसा?"

दिवाळीनंतर ती जोगेश्वरीला नंदाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, बाळंतपणाला गेली. बारसे होऊन गेले तरी आलेली नाही. नंदाच्या सासूबाई कासव घरात घेत नाहीत, म्हणून ते माझ्याकडे. ती गेल्यापासून ते खात नाही. खाटेखाली तिच्या जुन्या चपलांपाशी बसून असते. ओक म्हणतात, थंडीत कासवे खात नाहीत. तसेच असावे अशी माझी फार इच्छा आहे.

ती नंदाच्या घराखालच्या वाण्याकडून ओकांच्या घरी फोन करते. पहिला प्रश्न, "बाबल्यान काय खाल्ल्यान?" मी जेवतो, म्हणून माझी चौकशी नाही. एकदा मीही जेवलो नाही, पण ते तिला सांगणार कोण? आणि धास्ती अशी की कासव गेले तर तिला मुलुंडला यायला कारण काय उरले?

तापात मी जमिनीवर पडलो होतो. जाग आली तेव्हा बाबल्या माझ्या बरगडीला टेकून होता. ओक म्हणाले, "अंग तापलेलं होतं काका, ऊब मिळाली त्याला." असेल. मला जानकीचे बोलणे आठवले. मीही इतकी वर्षे तिच्या स्टोव्हपाशीच पाट मांडून बसत आलो. त्याला काय म्हणायचे ते ओकांनी सांगावे.

तरी बाबल्याचा ताबा जानकीला. अट एकच. ताबा घेताना तिने दोन्ही साक्षीदारांपुढे मोठ्याने म्हणावे, "धोंडू घाडीगावकर यांचं कासव मला मिळालं." नुसते "ह्यांचं" चालणार नाही.

हे वाचून ओक म्हणाले, "अट झकास आहे काका, पण ऐकायला तुम्ही नसणार." हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. म्हणून जोडतो की माझ्या हयातीत तिने एकदा नाव घेतले तर अट रद्द.

याची नक्कल लेथवरच्या दशरथबरोबर आजच जोगेश्वरीला पाठवतो. नंदा वाचून दाखवील. जानकी, बाबल्याने काल सकाळी जवळा खाल्ला. हे आधी लिहायला हवे होते, पण मग तू पुढचे ऐकले नसतेस. केव्हा येतेस ते लवकर कळव. फोन ओक उचलतील. कोणाला बोलवायचे, ते त्यांना नाव घेऊन सांग. मी दारातच उभा असतो.

मुलुंड, दिनांक १९ जानेवारी १९८६

सही : धोंडू बाळा घाडीगावकर

साक्षीदार :
१. शरच्चंद्र ओक, शेजारी (कासवाच्या मायेबद्दल माझे मत वेगळे आहे, बाकी सर्व वाचले, सही माझ्यासमोर झाली.)
२. दशरथ कांबळी, लेथवरचा जुना सोबती