तू नदीकाठी का राहिलीस

आई, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. आरशासमोर केस विंचरताना कधीकधी वाटतं, ही बाई आईची थोरली बहीण असावी. तुला सांगायचं होतं ते असं, की गेल्या महिन्यात मी आपल्या गावी जाऊन आले. 'आपलं गाव' म्हटलं की माझ्या मुलीला वाटतं मी वसईबद्दल बोलतेय. मी तिला दर वेळी सांगते, वसई तुझ्या आजीचं गाव, माझं गाव मरे नदीवरचं. या वेळी तीच म्हणाली, "मम, लेट्स जस्ट गो." सिडनीहून ॲडलेडपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. कितीतरी वेळ दोन्ही बाजूंना गहू कापून नेलेली पिवळी रानं, आणि मग एका वळणावर एकदम द्राक्षांचे मळे, संत्र्यांच्या बागा, आणि खाली दुधाच्या चहासारख्या रंगाची आपली नदी. मुलगी म्हणाली, "इज दॅट इट?" तिला नदी म्हणजे पाणी निळं लागतं.

गाव बदललंय. बेकरी आता एक व्हिएतनामी कुटुंब चालवतं आणि पाव पूर्वीपेक्षा चांगला मिळतो, हे मान्य करायला हवं. थिएटरमध्ये जिम आहे. पण नदीकाठचे मोठाले गमचे, म्हणजे निलगिरीचे, वृक्ष तसेच उभे आहेत, अर्धी मुळं काठाबाहेर लोंबकळत. मी तिथे उभी राहिले आणि मला आपलं हॉस्पिटलच्या मागचं, पपांना डॉक्टर म्हणून मिळालेलं घर दिसायला लागलं. लाकडाची चूल, तिच्यावर सतत खदखदणारी किटली, माश्यांसाठी लावलेलं जाळीचं दार, जे पपा प्रत्येक वेळी धाडकन सोडायचे आणि तू प्रत्येक वेळी "हळू" म्हणायचीस. सकाळी पाववाल्याचा घोडा आपणहून आपल्या फाटकाशी थांबायचा, कारण तू त्याला गाजराचे शेंडे द्यायचीस. तुला नारळ मिळायचा नाही, म्हणून केकसाठी विकायला ठेवलेला सुका किस तू कोमट पाण्यात भिजवायचीस, वसईहून आलेल्या बाटली मसाल्यात घालायचीस आणि नदीतल्या माशाचं सार करायचीस. पहिला घास घेतला की पपा म्हणायचे, "जवळपास पोचलीस." कधीच 'पोचलीस' म्हणाले नाहीत. तू हसायची नाहीस. त्या घरात तू फारशी हसायचीच नाहीस, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आयांचे चेहरे असेच असतात, असं मला वाटायचं.

मग एका सकाळी वॉर्डात राउंड घेता घेता पपा खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. आपल्याला त्या गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मला आठवतं ते असं: शाळेच्या सिस्टरनी मला वर्गातून बाहेर बोलावलं आणि माझा हात धरून हॉस्पिटलपर्यंत चालत आल्या, वाटेत एक शब्द न बोलता. घरी पोचलो तेव्हा ओट्यावर झाकलेली भांडी ठेवलेली होती, मटणाचं, बटाट्याचं, ओव्हनमधून आत्ता काढलेलं. कुणी आणून ठेवलं कळत नव्हतं. कुणी दार वाजवलं नव्हतं. तुला वाईट वाटू नये म्हणून लोक मागच्या दाराने येऊन भांडं ठेवून निघून जात होते. वसईला असतो तर घर माणसांनी आणि रडण्याने भरलं असतं. इथे भांडी होती आणि शांतता होती.

हॉस्पिटलचं घर सोडावं लागणार होतं. तेव्हा शेजारीण आली, जिचे केस लालभडक होते म्हणून इथल्या उलट्या गमतीप्रमाणे अख्खं गाव तिला 'ब्लू' म्हणायचं. हा विनोद तुला कधीच कळला नाही आणि तू तिला शेवटपर्यंत 'ब्लू बाय' म्हणत राहिलीस. ती म्हणाली, माझ्या घरामागे खोली रिकामी आहे, या. आणि मग नाताळच्या थोडं आधी मामा आला. तो बोटीवर कामाला होता, बोट ॲडलेडला लागली होती, बसने दिवसभर धूळ खात तो आपल्याला न्यायला आला. पांढरा शर्ट, काळा टाय, दुखवट्याचा. मी जाळीच्या दाराबाहेर पायरीवर बसले होते आणि आत तुम्ही दोघं बोलत होतात.

"सामान बांध," मामा म्हणाला. "तिकिटाचं मी बघतो. तुझे थोरले दीर म्हणालेत, मागची खोली देतील."

"मागची खोली," तू म्हणालीस.

"मग काय पुढची देतील? विधवा बाईला डोक्यावर छप्पर मिळतंय, ते बघ. इथे तुझं कोण आहे?"

तू म्हणालीस, "दादा, पोरीची शाळा आहे. सिस्टर म्हणतात फार हुशार आहे. आता उपटून नेलं तर मागे पडेल."

"वसईला शाळा नाहीत?"

"ही सोडता येणार नाही."

"आणि लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" तू विचारलंस. तुझा आवाज अगदी साधा होता. मामा दोन दिवस राहिला, पपांच्या कबरीवर फुलं ठेवली, मला एक चॉकलेटचा डबा दिला आणि गेला. बसमध्ये चढताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आईने तुझ्यासाठी सगळं सोडलंय. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं, आई. आयुष्यभर ठेवलं.

सरकार आपल्याला या देशात राहू देईल की नाही हाही प्रश्न होता. फादर आणि हॉस्पिटलची मेट्रन तुझ्यासाठी कुठे कुठे जाऊन बोलले म्हणून ते जमलं. आणि ब्लू बायने तुला जर्दाळूच्या शेडमध्ये नेलं. नाताळानंतरचा इथला भर उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, लांब बाकांवर बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या हातात छोटी सुरी. फळ कापायचं, बी काढायची, अर्धुकं लाकडाच्या ताटावर उताणी मांडायची. मग ताटं गंधकाच्या धुरीला आणि तिथून बाहेर उन्हात. पहिल्या दिवशी डॉक्टरची बायको म्हणून बायका तुझ्यापासून जरा अंतर ठेवून बसल्या. तू मैदानभर पसरलेली ती केशरी ताटं पाहिलीस आणि म्हणालीस, आमच्याकडे केळी अशीच वाळवतात, सुकेळी. कुणालाच तो शब्द म्हणता येईना. दुपारपर्यंत शेडभर 'सू-केली, सू-केली' चाललं होतं आणि एकजण म्हणाली, सू केली? माझ्या नवऱ्याच्या जुन्या मैत्रिणीचं नाव वाटतंय. तू ओठ दाबून खाली बघितलंस. तुझे खांदे हलत होते.

त्या काळाच्या आठवणी काढताना इथले लोक सगळंच सोनेरी करून टाकतात. दारं उघडी टाकून झोपायचो, सगळे एकमेकांना ओळखायचे, वगैरे. खरं आहे ते, आपल्यापुरतं. पण उकिरड्यापलीकडे नदीच्या वळणावर पत्र्याच्या झोपड्यांत राहणारी काळी कुटुंबं होती, ज्यांची ही नदी आपल्या सगळ्यांच्या आधीपासून होती, आणि थिएटरमध्ये त्यांना फक्त पुढच्या रांगा होत्या. तू एकदा ब्लू बायला विचारलंस, ते तिथेच का बसतात? ती म्हणाली, "ते तसंच आहे, लव्ह." तू म्हणालीस, "मग मी कुठे बसायचं?" त्यावर ती लाल झाली. नंतर कितीतरी महिने तू सिनेमाला गेलीच नाहीस. मला तेव्हा सिनेमा चुकल्याचाच राग आला होता.

आणि ती दुपार. शेड सुटलीय, अंगाला पीठ लागावं तशी जर्दाळूची लव चिकटलीय, ऊन इतकं की डांबर मऊ पडलंय. सगळ्या बायका तशाच नदीकडे निघतात आणि परकर-पेटिकोटवर पाण्यात उतरतात. मी काठावर दप्तर घेऊन बसलेय. तू घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढलीस, पण पाण्यात कधी गेली नव्हतीस, तुमच्या घरातल्या बायका जायच्या नाहीत. ब्लू बाय तुझ्या पाठीखाली हात धरते आणि म्हणते, "सोडून दे. जस्ट लेट गो." तू मान मागे टाकतेस, तुझा अंबाडा सुटतो, केस पाण्यावर पसरतात. ब्लू बाय हळूच हात काढून घेते आणि तू तरंगत राहतेस. मग तू हसतेस. मोठ्याने, तोंड उघडून. मी घाबरून उभी राहिले, कारण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि मला वाटलं तू बुडतेयस.

घरी जाताना मी तुला म्हणाले, "आई, मी खूप अभ्यास करीन. तू माझ्यासाठी राहिलीस ना." तू इतक्या जोरात वळलीस की मी दचकले. "कोण म्हणालं तुला? अभ्यास करायचाय तर स्वतःसाठी कर. सारखी आभार मानत माझ्या मागे फिरू नकोस!" मी रडले. मला वाटलं, तुझा त्याग मोठा म्हणून तुला त्याचं नावही नकोय. मी आणखीच अभ्यास केला. युनिव्हर्सिटीला जायच्या दिवशी तू, सुकेळी बांधतात त्या केळीच्या पानाऐवजी, द्राक्षाच्या वाळल्या पानांत गुंडाळून जर्दाळूंचा पुडा दिलास, आणि मी हॉस्टेलवर एकेक जर्दाळू खाताना तुझ्या उपकारांचा हिशोब करत बसले. मी फार्मसिस्ट झाले, लग्न केलं, सिडनीला आले. तुला कितीदा म्हटलं, माझ्याकडे ये. तू म्हणायचीस, "इथे माझी कामं आहेत." शेवटी त्याच हॉस्पिटलमध्ये गेलीस. आता तू पपांशेजारी आहेस. मी जाऊन गवत काढलं.

ब्लू बाय अजून आहे, आई. नर्सिंग होममध्ये. केस कापसासारखे पांढरे आहेत आणि तरी नर्सेस तिला ब्लूच म्हणतात. मुलगी कॉफी आणायला गेली होती. मी तिच्याजवळ बसले आणि बोलता बोलता म्हणाले, आईने माझ्या शाळेसाठी केवढं सोसलं. पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली, पण मला ते मराठीतच आठवतं.

"शाळा?" ती म्हणाली. "लव्ह, तू कुठल्याही शाळेत पहिलीच आली असतीस. ते तिला माहीत होतं."

"मग राहिली कशाला?"

"तिला राहायचं होतं म्हणून."

"पण का?"

"आवडायचं तिला. सायकलवरून कामाला जाणं, शेड, नदी. मला म्हणाली होती, तिकडे मी आधी कुणाची तरी सून होते, आता कुणाची तरी विधवा होईन. जावा बोलावतील तेव्हा जेवायचं. इथे शेडमध्ये मला एवढंच विचारतात, चहात साखर किती." तिने मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "भावाला हे सांगून पटलं असतं का? शाळेचं पटलं."

मी तिचा हात धरून बसले. मुलगी कॉफी घेऊन आली, म्हणाली, "व्हॉट डिड आय मिस?" मी म्हटलं, काही नाही, शेडच्या जुन्या गोष्टी.

आई, परत येताना गाडीत मला राग आला होता. साठी उलटून गेलेली बाई मी, आणि मला लहान मुलीसारखं लागलं होतं, की तुझं राहणं माझ्यासाठी नव्हतं. एवढी वर्षं मी जे ओझं वाहिलं ते तू कधी माझ्या डोक्यावर ठेवलंच नव्हतंस, उलट उतरवायला ओरडली होतीस. राग दोन-तीन दिवस टिकला. मग नातवाचे डबे भरता भरता एका सकाळी ध्यानात आलं, की तू त्या नदीकाठी सुखी होतीस. कुणासाठी नाही, तशीच. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी किती हलकी झाले असते.

हे पत्र मी मुलीच्या घरी, सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या एका नव्याकोऱ्या खोलीत बसून लिहितेय. तुझा जावई गेल्यापासून मी इथे राहते, नातवंडांना आजी हवी म्हणून. घर सुंदर आहे, मुलगी फार चांगली आहे, आणि दिवसभर कुणाला काय हवं ते मी बघत असते. पत्र पाठवायचं कुठे, तेव्हा ते ड्रॉवरमध्येच राहील. फक्त एक तुला सांगून ठेवते. आपल्या गावात, नदीकडे तोंड असलेली दोन खोल्यांची जागा मी भाड्याने घेतलीय, मार्चपासून. मुलीला म्हटलं, सिडनीच्या दमट हवेत माझे गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणाले कोरडी हवा बरी. तिला लगेच पटलं. डॉक्टर असं काहीही म्हणालेले नाहीत, आई.