सोबतीला कोण येणार

रविवार, ता. ९

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या भुवया चढल्या असतील. पत्र अशासाठी, की तू माझा नंबर बंद करून ठेवलायस की मी तुझा, हे मला आता आठवत नाही. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. भावजींचे गुडघे कसे आहेत? भाचीला मुलगी झाल्याचं बाहेरून कळलं. आनंद झाला. खरंच झाला.

माझं बरं चाललंय. लाँड्रीत अजून इस्त्रीवरच आहे, हॉटेलांच्या चादरी रोज ढीगभर. मी वजन उतरवल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. निम्मी झालेय म्हणालीस तरी चालेल. लोक म्हणतात, अगं, ओळखूच येत नाहीस! त्यांना काय, ते मला कपड्यांत बघतात.

आतली चरबी गेली ताई, कातडी तशीच राहिली. पोटावरून खाली मांड्यांपर्यंत लोंबते. इस्त्रीच्या वाफेत उभं राहिलं की घड्यांमध्ये घाम साठतो, मग चिघळतं, रक्तही येतं. आत मऊ फडकी घालून कामावर जाते. मलमं झाली, पावडरी झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, जास्तीची कातडी काढून पोट नीट शिवून घेऊ. तर या महिन्याच्या चोवीसला ऑपरेशन ठरलंय. पैशांसाठी लिहीत नाहीये, लगेच नाक मुरडू नकोस, ते जमलेत. आणि हे सगळं फक्त दुखण्यासाठी आहे असंही नाही. एकदा तरी आरशासमोर डोळे उघडे ठेवून अंघोळ करायची हौस आहे मला.

मला वाटलं होतं, गेलं, आडवं झालं, संपलं. कसलं काय! आधी शरीर तयार करा म्हणे. सहा महिने वजन एका जागी ठेवायचं. वाढवणं मला येतं, उतरवणंही आलं, पण जागच्या जागी ठेवताना माझ्या नाकी नऊ आले. आहारवाल्या बाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला. उपाशी राहून राहून मी वजनाबरोबर रक्तही उतरवून बसले होते. जखम भरायची तर प्रथिनं हवीत, म्हणून सकाळी अंडी, दुपारी वाटीभर घट्ट डाळ, संध्याकाळी दही, वर लोहाच्या गोळ्या. ज्या ताटाला इतकी वर्षं घाबरले, त्याच्यासमोर मांडी ठोकून बसायचं! पहिल्यांदा पोटभर जेवले त्या दिवशी हमसून रडले. डाळ चांगली झाली होती गं, तरी रडले.

व्यायाम शिकवायला एक काडीपैलवान आहे. त्याने हात न टेकता खुर्चीतून उठायला शिकवलं, कुशीवर वळून पलंगावरून उतरायला शिकवलं. टाक्यांमुळे सुरुवातीला ताठ होता येत नाही, म्हणून वाकून चालायचाही सराव. मी गॅलरीत वाकून फेऱ्या मारते आणि शेजारीण विचारते, 'काय हरवलं हो?' मी सांगते, सुई. परवा ती बिचारी बॅटरी घेऊन शोधायला आली.

सगळं जमलं. रक्त भरलं, काटा हलेना. अडलंय भलतीकडेच. दवाखान्याची अट आहे की पहिले दोन आठवडे घरी सोबतीला माणूस हवं, आणि त्या माणसाने आधी येऊन सगळं शिकून घ्यायचं. टाक्यांजवळून नळ्या बाहेर काढलेल्या असतात, त्यांच्या पिशव्या रिकाम्या करायच्या, पोटाचा पट्टा सोडायचा-बांधायचा, अंग पुसायचं. नर्सबाईंनी विचारलं, 'कोण येणार?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'मोठी बहीण.'

आणि नेलं कुणाला, तर लाँड्रीतल्या सुतळीला! आम्ही तिला सुतळी म्हणतो, ती आहेच तशी.

'तुम्ही मोठ्या?' नर्सबाई म्हणाल्या. सुतळी माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

'हो, आमच्या घरात वय दिसतच नाही.'

नर्सबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. 'हिला कुठल्या औषधाचं वावडं?'

'छे छे! हिला दगडसुद्धा पचतो.'

माझ्या कागदांवर ते वावडं पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय. त्या गोळीने लहानपणी माझा चेहरा सुजून श्वास कोंडला होता, आणि मला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे तू पळाली होतीस. पुढे नळ्यांचा फोटो बघून सुतळी अशी पांढरीफटक पडली, की नर्सबाईंना तिलाच आडवं करावं लागलं.

'खऱ्या बहिणीला गुरुवारी आणा,' नर्सबाई म्हणाल्या, 'नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला जाईल.' पुढची कधी, ते त्यांनाही सांगता येईना. मी विनवण्या केल्या, हात जोडले. त्या वाईट नाहीत गं, नियमच तसा आहे.

मग एका संस्थेतून पगारी बाई बोलावली. चांगली होती, स्वच्छ होती. म्हणाली, 'जरा दाखवा, कुठे काय करायचंय ते.' मी गाऊनच्या पहिल्या बटणाला हात घातला आणि तो तिथेच राहिला. शेवटी तिला चहा पाजून परत पाठवलं.

हात टेकले, ताई. अंडी खाऊन रक्त वाढवलं, पण माणूस काय खाऊन वाढवू? सुतळीच्या पदरात दोन लहान लेकरं आहेत, तिला किती ताणणार? अडला हरी... पुढची म्हण लिहीत नाही, तू त्यातल्या जनावरावरच अडून बसशील.

मग ते कपड्यांच्या दुकानातलं लिहूनच टाकते. भाचीच्या लग्नासाठी घालून बघायच्या खोलीत माझ्या ड्रेसची चेन अडकली. ना वर जाईना, ना खाली. मी आत घामाघूम. तू मदतीला आलीस आणि हसायला लागलीस. हसत हसत पडदा सारलास आणि दुकानातल्या मुलींना म्हणालीस, 'बघा गं, पोत्याला शिवण पुरत नाही!' माझी पाठ उघडी होती. त्याही हसल्या. लग्नाला ताप आला म्हणून कळवलं, तो ताप नव्हता. मी हे सगळं वजन रागाने उतरवलंय आणि राग अजून तस्साच आहे, आत्ता लिहितानाही. माफी मागू नकोस, तुला ती जमत नाही. तू मागशील आणि वर मलाच दोन शब्द सुनावशील.

पत्र लाँड्रीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतेय, उद्या मिळेल. गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या दारात उभी राहीन. येशील का गं? दुकानातल्या त्या दिवसापासून डॉक्टर-नर्स सोडले तर मी हे अंग कुणालाही दाखवलेलं नाही. बघून कोण काय करेल, या भीतीने जीव अर्धा होतो. तुझी तेवढी भीती वाटत नाही. तुझं हसून झालंय.

दुसरं कुणीच नसलेली,
तुझी धाकटी