तीन वाटाड्या पुस्तकांची तपासणी

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्याने संप पुकारल्यामुळे सध्या मनातल्या मनात). तुझा खोकला गेला का, की अजून हक्काच्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसलाय? भावोजींचे नवे दात बसले का? ते लावून कसे दिसतात ते सविस्तर कळव. फोटो पाठवू नकोस. माझी प्रकृती बरी आहे. हिचीही उत्तम आहे असं कळतं.

आपल्या घरात सध्या जे चाललंय त्याची अर्धीमुर्धी बातमी तुला कुणी ना कुणी पुरवली असणारच, आणि त्या बातमीत मला वेड लागलेलं असणार. म्हणून म्हटलं, सगळी हकिगत माझ्याच हातची जाऊ दे. तर, तुझ्या भाचीचे दिवस भरत आलेत हे तू जाणतेसच. बाळ यायच्या आत आपण तिच्याकडे पोचायचं, असं हिचं म्हणणं. माझंही तेच म्हणणं (हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे तुला शंका येईल). माझी अट एकच होती, की परक्या देशात जायचं तर हाताशी एखादं धड गाइड हवं. लेक-जावई कामावर गेल्यावर आम्ही दोघं काय भिंती बघत बसणार? आणि बाहेर पडलो आणि वाट चुकलो तर? यावर हिने विचारलं, लेकीकडे जायला पुस्तक कशाला लागतं? मी चप्पल घातली आणि तडक पुस्तकाच्या दुकानात गेलो. मागून हिने बजावलं, की महिनाअखेरीपर्यंत तिकिटं निघाली नाहीत तर मी एकटी जाईन. दोघांचे पासपोर्ट, व्हिसा सगळं तयार होतं, बॅग भरून दाराशी उभी होती. पण असल्या धमक्या ऐकतच आमचा संसार झालाय, तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही.

दुकानात त्या देशाची तीन गाइडं निघाली. एक जाडं, एक रोडकं आणि एक नुसतंच चित्रांचं. पुस्तकवाल्याला विचारलं, यातलं चांगलं कुठलं? तो म्हणाला, तिन्ही. (तिन्ही विकायची असली की तिन्ही चांगलीच असतात.) मागच्या पानावर प्रत्येकाने आपापली तारीफ आपणच छापलेली. म्हणून मी तिथेच स्टुलावर बसून ट्रामचं तिकीट कसं काढायचं तेवढं तिन्हींत काढून पाहिलं. जाडं म्हणतं, चढण्याआधी काढा. रोडकं म्हणतं, चढल्यावर काढा. चित्रांच्या पुस्तकात ट्रामचा सुरेख फोटो होता, तिकिटाबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे एक तरी धडधडीत थापा मारतंय, आणि कुठलं ते कळायला मार्ग नाही. आता तूच सांग, वजनमापे खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाने हे कसं खपवून घ्यावं? दुकानदाराचं वजन त्याच्याच दुसऱ्या वजनाने तपासत नाहीत. आपल्याजवळचं प्रमाण वजन काढून समोरच्या पारड्यात टाकावं लागतं, मग कळतं कोण दांडी मारतंय. पण त्या देशाचं प्रमाण वजन माझ्याजवळ कुठून येणार? मी तर तो देश नकाशात सुद्धा चष्मा लावून शोधतो.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या तिन्ही प्रकाशकांनी आपल्या देशावरही गाइडं काढलीत, बाहेरच्या पाहुण्यांसाठी, आणि तिन्हींत आपल्या शहराला चार-चार पानं दिलीत. आपलं शहर हेच माझं प्रमाण वजन! इथल्याबद्दल जो खरं लिहितो, तो तिथल्याबद्दलही खरंच लिहीत असणार. कल्पना इतकी बिनतोड होती की मी आपल्या देशावरची ती तिन्ही पुस्तकं पुस्तकवाल्याकडून परत करायच्या बोलीवर घरी आणली आणि हिला ती कल्पना समजावून सांगितली. ही म्हणाली, जेवायला बसा.

पहिल्यांदा जाडं तपासायला घेतलं. ते म्हणतं, संग्रहालय सोमवारी बंद. मी मुद्दाम सोमवारी गेलो, तर उघडं. पहारेकऱ्याला म्हटलं, आज बंद असायला हवं. त्याला वाटलं मी वरून आलेला कुणी साहेब आहे, म्हणून त्याने घाईघाईने कुलूप घातलं. आता हे पुस्तक बरोबर धरायचं की चूक? (मी अर्धे गुण दिले.) मंगळवारी पुन्हा गेलो. दोन तास राखून ठेवावेत असं लिहिलं होतं. माझं सगळं पाऊण तासात उरकलं. पण तपासणी म्हटली की नियमाने व्हायला हवी, म्हणून उरलेला वेळ एका फुटक्या रांजणासमोर उभा राहिलो. पहारेकरी आता मला ओळखतो आणि लांबूनच सलाम ठोकतो. पुढचा सल्ला असा, की सांगितलेल्या किमतीच्या निम्मी बोला आणि सरळ चालू लागा, मागून हाक येतेच. हा प्रयोग मी आपल्या नेहमीच्या न्हाव्याकडे केला. निम्मे बोललो, खुर्चीतून उठलो, चालू लागलो. हाक आली नाही. पंचाईत एवढीच झाली, की त्याने डावी बाजू आधीच कापली होती. संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीत झालं, की साहेबांची परिस्थिती फार बिघडलीय, आणि शेजारीण झाकलेली वाटी घेऊन दारात उभी. हिने तिला काय सांगितलं कोण जाणे, पण वाटी ठेवून घेतली.

मग रोडकं. त्याचं म्हणणं, इथले लोक मोठे प्रेमळ; चौकात नकाशा उघडून उभे राहिलात तरी कुणीतरी मदतीला धावतं. मी चौकात नकाशा उघडून उभा राहिलो. (डावीकडून केस कापलेले आणि उजवीकडून वाढलेले, हे लक्षात ठेव.) आपला दूधवाला सायकलवरून उतरला आणि म्हणाला, काका, काय झालं? तपासणीच्या वेळी आपली ओळख द्यायची नाही हा आमच्या खात्याचा नियम. मी त्याला म्हटलं, मी इथे नवीन आहे, स्टेशन कुठे आलं? तो बिचारा रडवेला झाला. सायकल तिथेच टाकून धावत आपल्या घरी गेला आणि काकांना घर आठवत नाही म्हणून हिला घेऊन आला. भर चौकातून हिने मला हाताला धरून आणलं, पाठोपाठ दूधवाला, इस्त्रीवाला आणि ज्यांना काही उद्योग नव्हता असे सगळे. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मायेने विचारलं, आजोबा, हे शहर कुठलं? मी म्हटलं, कुठलं पुस्तक धरायचं त्यावर आहे. त्यावर त्यांनी हिला बाहेर नेऊन बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मदतीच्या बाबतीत मात्र रोडक्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले.

खरा घोटाळा पुढेच झाला. तिन्ही पुस्तकांत आपल्या गल्लीबद्दल काय आहे ते मी शोधलं. जाडं लिहितं, स्टेशन आणि बाजार यांच्यामधल्या भागात थांबण्यासारखं काही नाही. ताई, तो मधला भाग म्हणजे आपण! तू ज्या भिंतीवरून पडलीस ती भिंत, आई ज्या पायरीवर बसून आपली वेणीफणी करायची ती पायरी, सगळं मिळून ‘काही नाही’. तुला म्हणून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. रोडकं म्हणतं, अंधार पडल्यावर इकडे फिरकू नये. अंधार पडल्यावर इथे कोण असतं? मी असतो! शतपावली करत! चित्रांच्या पुस्तकात मात्र गल्लीचा पानभर फोटो निघाला, आणि खाली लिहिलंय ‘जुनी मासेमार वस्ती’. आपल्या गल्लीत आजवर मासा दिसला तो फक्त डॉक्टरांच्या काचेच्या पेटीत. आणि फोटोत आपल्याच दारात, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताचं बोट वर, अशी ही उभी! पुस्तक म्हणतं, ‘पाहुण्याचं स्वागत करणारी स्थानिक स्त्री’. मी हिला दाखवलं. हिने साडीवरून दिवससुद्धा ओळखला. मी नळ उघडा टाकून ऑफिसला निघालो होतो तो दिवस. फोटोच्या कडेबाहेर जो कुणी स्वागत करून घेतोय, तो मी.

फोटो ही बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, छान आलाय, लेकीला दाखवू. आणि पुस्तक मिटून विचारलं, तुम्ही येणार आहात ना? मी म्हटलं, अजून रेल्वेचं वेळापत्रक ताडून पाहायचं राहिलंय. यावर ही उठली आणि दाराशी उभ्या असलेल्या बॅगेला कुलूप घातलं.

असो. तिन्ही पुस्तकं नापास. एकालाही शिक्का मिळालेला नाही. जाड्याच्या प्रकाशकाला मी खरमरीत पत्र धाडलंय. आता तूच सांग, अशा परिस्थितीत जबाबदार माणसाने परदेशी कसं जावं? भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खोकल्याला वाफ घे.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : ही गुरुवारच्या विमानाने गेली. एकटी. पुस्तक एकही नेलं नाही, फक्त फोटोचं पान पुस्तकवाल्याला विचारून कापून घेतलं. (त्याने होकार दिला. मी नापास केलेलं पुस्तक तसंही कोण घेणार, असं हिने त्याला पटवलं.) विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. आत जाताना हिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

ता. क. २ : आता खरं तेच लिहितो, ताई. पुस्तकांचं काही नव्हतं. मला भीती वाटते. इथे मी रस्त्याने निघालो की चार माणसं नमस्कार करतात, डोळे मिटून चाललो तरी घरी पोचतो. तिथे पाण्याचा पेला मागायला सुद्धा मला कुणाचं तरी तोंड बघावं लागणार. या वयात लहान मूल होऊन कुणाचं तरी बोट धरायचं, हे मला कसंसंच वाटतं. पण हे घर आता खायला उठतं. काल दोन कप चहा केला आणि दोन्ही मीच प्यायलो. तेव्हा माझी विनंती अशी, की तू हिला फोन कर आणि सहज बोलता बोलता विचार, मी आलो तर चालेल का. माझं नाव सांगू नकोस.

ता. क. ३ : फोनची गरज नाही. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात तिकडूनच जावयाचा फोन आला. मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत. मी काही बोलायच्या आत हिने फोन हातात घेतला आणि सांगितलं, की विमानातून उतरलात की सगळे जातात तिकडे जा, दार उघडलं की मी समोर उभी असेन, शहाणपणा करून दुसऱ्या कुठल्या दाराने बाहेर पडू नका. तिकीट काढलं, सोमवारचं मिळालं. तीन पुस्तकांनी मिळून जे सांगितलं नाही ते हिने एका दमात सांगितलं. आता घाई आहे ती बॅगेची. आमची चाकांची मोठी बॅग ही घेऊन गेली, तेव्हा तुझी कुणाच्या तरी हाती लगेच धाड. हे पत्र खरं तर तेवढ्यासाठीच समज. आणि मी घाबरलो होतो हे हिला कळवू नकोस. (तिला माहीत आहे. पण तू कळवू नकोस.)