मंगळवारचे तीस सेकंद

१४ मे, मंगळवार
नगरपालिकेच्या तोलाच्या वर्गात चाचणी झाली, सहा सेकंद. सहा! पंचेचाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर चढून कौलं बसवली, आणि आज सभागृहाच्या सपाट फरशीवर एका पायावर उभं राहता आलं नाही. घरी दात घासताना राहतो की! आज सकाळीच पन्नासपर्यंत मोजलं. मग तिथं काय होतं? काही कळत नाही.

१५ मे
पुन्हा करून पाहिलं. बावन्न.

२१ मे, मंगळवार
नऊ. तोल शिकवणाऱ्या ओनोदेरा बाई म्हणाल्या, "काका, घाई नको. आला पाय खाली तर येऊ द्या." नातीच्या वयाची पोर. माझा तोल गेला की हात पुढे धरते — अंगाला लावत नाही, पण पडूही देत नाही.

तीस सेकंद उभं राहिलं की त्या माणसाचा वर्ग संपतो. हातात कागद देतात, टाळ्या वाजवतात, घरी पाठवतात. घरी माझ्याशी बोलणारं कोण, तर 'आंघोळीचं पाणी तयार आहे' म्हणणारं न्हाणीघरातलं यंत्र. हे आज ओनोदेरा बाईंनाही सांगून बसलो.

२८ मे, मंगळवार
आठ. शेजारच्या खुर्चीवरच्या निशिकाजी बाई, वय एक्याऐंशी, जिभेला हाड नाही. चहाच्या वेळी म्हणाल्या, "तोकुजी, सोंगं पुरे. मघाशी दारात बूट काढताना भिंतीला न धरता उभा होतास."

मुद्दाम नाही करत, म्हटलं. खरंच नाही करत. की करतो? पाय मी टेकवतो की तो आपला आपण टेकतो, हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला सांगता येऊ नये म्हणजे कमाल झाली.

११ जून, मंगळवार
निशिकाजी बाईंनी बातमी आणली. ओनोदेरा बाईंची नेमणूक जूनअखेरपर्यंतच. पंधरांतले आठ जण तीस सेकंद उभे राहिले तर नगरपालिका बाईंना पुढे कामावर ठेवणार. आतापर्यंत झाले सात. "उरलेल्यांत जमेल असा तूच एक आहेस. माझा गुडघा तर बघतोसच."

राग आला. कुणाचा, ते कळेना. उभा राहिलो तर माझा मंगळवार जातो, नाही राहिलो तर तिची नोकरी. जेवण गेलं नाही. यंत्र बोललं, त्याला गप बस म्हटलं.

१९ जून
काल वर्गात सात सेकंद. आज दात घासताना चार! आता घरीही पडायला लागलो की काय?

२५ जून, मंगळवार
शेवटची चाचणी. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवली आणि उभा राहिलो. घोटा थरथरला, पाय खाली आला नाही. तीस, एकतीस, बत्तीस — मग मी टेकवला. मीच टेकवला.

ओनोदेरा बाईंनी आकडा लिहिला आणि वाकून नमस्कार केला. डोळे भरले होते. नोकरी वाचली म्हणून असेल, असं मला वाटलं. मला काय वाटत होतं ते मात्र धड सांगता येत नाही. फार वाईट वाटत होतं, आणि बरंही.

२९ जून, शनिवार
नगरपालिकेचं पत्र आलं. सोबत चाचणीचा तक्ता. माझ्या नावापुढे अकरा सेकंद, ओनोदेरा बाईंच्याच अक्षरात. पुढच्या वर्गाला दर मंगळवारी यावं, म्हणे. शिक्षिका म्हणून नाव दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.