पिवळा परिच्छेद

काका, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही भर दुपारी, ऑफिसात, साहेब कोर्टात गेलेले असताना. तुमच्या साहेबांचा मुलगा आता साहेब झाला आहे आणि तुमच्या खुर्चीवर मी बसते. तुम्ही वकिलांचे कारकून होतात, मला पॅरालीगल म्हणतात. काम तेच, नावाला तेवढी इस्त्री केली आहे. स्टुलावर चढून तुम्ही निकालांचे जे जाडजूड ग्रंथ उतरवायचात, ते अजून कपाटात आहेत. ऑनलाइन सुनावणी असली की साहेबांच्या मागे छान दिसतात. उघडत कोणी नाही, मीही नाही. मी संगणकावर चार शब्द टाकते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत देशभरातल्या कोर्टांचे निकाल समोर येतात, माझे शब्द जिथे सापडले तिथे पिवळे होऊन. तुम्ही ज्याला ‘ते डबडं’ म्हणायचात, त्याच्याशिवाय आता माझं पान हलत नाही.

मी इथे कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं होतं. मोठ्या साहेबांना एका निकालातला उतारा हवा होता. मी अगदी हवा तसा शोधून, टाइप करून आणला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तुम्ही कागद वाचता, चष्मा कपाळावर ढकलता आणि विचारता, “हे कोर्ट म्हणतंय का वकील म्हणतोय?” मला काहीच कळत नाही. “अगं, निकालात आधी दोन्ही वकील काय म्हणाले ते लिहितात, पानंच्या पानं. कोर्ट स्वतःचं मत नंतर सांगतं. तू हरलेल्या वकिलाचं बोलणं उचलून आणलंयस. आधी शेवटचं पान उघडायचं, कोण हरलं ते बघायचं, मग मागे यायचं.” त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही काकूंच्या हातच्या कोथिंबीरवड्या माझ्यापुढे ठेवल्यात. पुढे कित्येक वर्षं मी निकाल मागून पुढेच वाचले. सवय कधी सुटली ते सांगता येणार नाही. संगणक थेट त्या ओळीवरच नेऊन सोडतो, शेवटचं पान वाटेत लागतच नाही.

काही महिन्यांपूर्वी पेठ तालुक्यातली एक बाई आली. पंचविशीची असेल. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, चार वर्षांची मुलगी सासू-सासऱ्यांनी ठेवून घेतली. ही हंगामात द्राक्षाच्या बागांवर कामाला जाते, शेतावरच्या खोपीत राहते, म्हणून मूल तिच्याकडे देऊ नये असं सासरच्यांचं म्हणणं. आम्ही अंतरिम ताबा मागितला होता, म्हणजे दावा चालेल तोवर तरी मुलगी आईजवळ राहावी. बाई माझ्या टेबलाजवळ उभी राहून विचारायची, “ताई, पोर माझी हाय ना? मंग कागद कशाला दाखवायचा?” मी तिला खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, बघतो आम्ही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबांना एक निकाल हवा होता. मी आई, ताबा, कामासाठी स्थलांतर असं टाकलं. पहिल्याच निकालात पिवळाधमक परिच्छेद: पोटासाठी हंगामी काम करते एवढ्यावरून आईला मुलापासून तोडता येणार नाही. काका, मला इतका आनंद झाला. उचलला, टिपणात चिकटवला, खाली निकालाचा क्रमांक टाकला आणि पुढच्या फायलीला लागले. त्या दिवशी अजून सहा टिपणं बाकी होती. हे सबब म्हणून सांगत नाही, पण होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो परिच्छेद कोर्टात वाचला. न्यायाधीश बाईंनी तोच निकाल स्वतःच्या समोर उघडला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, “वकीलसाहेब, पुढचा परिच्छेद वाचता का?” साहेबांनी वाचला. हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही, असं तिथे लिहिलं होतं. मी मागच्या बाकावर बसले होते. बाई माझ्या शेजारीच होती, इंग्रजी तिला कळत नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मूल तूर्त आजीकडेच राहावं, आईने महिन्यातून एकदा कोर्टात येऊन भेटावं, असा आदेश झाला.

ऑफिसात आल्यावर मी पुन्हा तेच शब्द टाकले आणि या वेळी एकेक निकाल शेवटून वाचला. सातव्या क्रमांकावर आम्हाला हवा होता तसा निकाल होता. तशीच आई, तसंच काम, आणि कोर्टाने मूल तिच्या हवाली केलेलं. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, “पुढच्या तारखेला दाखवू.” पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे. तो निकाल आधी दाखवला असता तर आदेश वेगळा झाला असता का, हे मला कोणीच सांगू शकत नाही. काल पहिली भेट होती. पोरगी आजीच्या पदराआडून बाहेर आली नाही. आईने आणलेला फ्रॉक बाकावर तसाच पडून राहिला. तास संपल्यावर बाई मला म्हणाली, “तुमी लय केलं ताई, माझंच नशीब नाय.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, कोर्टाची कामं अशीच असतात. तिने मान डोलावली आणि पेठची बस पकडायला निघून गेली.

चूक माझी होती, हे तिला सांगायला हवं हे मला कळतं. सांगून मुलगी परत येणार नाही, हेही कळतं, आणि मी त्याच्याच आडोशाला बसले आहे. हे सगळं तुम्हाला लिहिताना वाटत होतं की तुमच्यापाशी तरी मन मोकळं होतंय. पण खरं सांगू, काका? तुम्ही आज इथे समोर बसलेले असतात, तर मी तुमच्यापासूनही हे लपवलं असतं.