पितळी पाव्यावरचे सहा डाग

सोमवार, २ तारीख

चि. टिटवीस,
आजीचे ओंजळभर आशीर्वाद, थोडे खाली सांडले तरी चालतील इतके.

तुझं पत्र शनिवारी आलं. तीनदा वाचलं. एकदा चष्म्याने, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा समोरच्या शिंपीणबाईंना ऐकवायला मोठ्याने. तू वसतिगृहात पावा शिकायला लागलीस हे वाचून माझे पाय जमिनीवर राहीनात. शिंपीणबाई म्हणाल्या, त्यात एवढं काय, पोरं वाट्टेल ते वाजवतात. मी म्हटलं, तुमचा मुलगा टेबल वाजवतो, माझी नात पावा वाजवते. त्यांनी नाक मुरडलं. चहा मात्र पिऊनच गेल्या.

तू विचारलंस की सरांनी दोन पावे समोर ठेवलेत, एक पितळी आणि एक निकेलचा, तर कुठला घेऊ. अगं, मी तिसरी शिकलेली बाई, पण पितळेतलं मला विचार. अठ्ठावीस वर्षं त्या मोठ्या कचेरीच्या जिन्याचे कठडे, दारांच्या मुठी आणि साहेबलोकांच्या पाट्या घासल्यात मी. मुकादम पांढरा रुमाल घेऊन फिरायचा. कठड्यावर एका बोटाचा ठसा दिसला की सगळा मजला पुन्हा. माझ्या मजल्यावर त्याला कधी काही सापडलं नाही. बिचारा घडी न मोडताच रुमाल खिशात ठेवायचा.

हां, तर निकेल. दिसायला झकास, काळं पडत नाही, वास मारत नाही, फडकं फिरवलं की झालं. आळशी माणसाच्या सोयीचं. पण तुझे कान माझ्यावर गेलेत. खोटं कानातलं घातलं की आपल्या दोघींच्या पाळ्या सुजतात, आठवतं ना? सोनार म्हणाला होता, त्यात निकेल असतं. मग बोटांचं काय होईल? पितळ कसं, ज्याचा हात लागेल त्याचं होऊन जातं. फक्त बोटांना वास येतो. तुझ्या बाबाच्या बोटांना यायचा. तो त्याच कचेरीत लिफ्टदुरुस्तीला होता. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वाजवत बसायचा आणि तो आवाज एकेक मजला चढत माझ्यापर्यंत यायचा. घरी आला की मी आधी त्याची बोटं हुंगायची आणि जेवायच्या आधी हात धुवायला पिटाळायची. साबण लाव म्हणायची, नुसत्या पाण्याने भागायचं नाही.

आता गंमत ऐक. त्याचा पावा माझ्याकडे आहे! कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात, बटणांखाली. तुझ्या आईलाही माहीत नाही. तो गेला तेव्हा तू साडेतीन वर्षांची. त्यानंतर मी तो डबा उघडलाच नव्हता, काल उघडला. पार काळवंडलाय गं. आणि सहा भोकांपाशी बोटांचे सहा डाग, डांबर लावल्यासारखे. तू इतक्यात काही निवडू नकोस. शनिवारी बैठक मारते आणि असा चकचकीत करून पाठवते की सरच विचारतील, हा नवा कुठून आणलास.

ओल्या केसांनी हिंडू नकोस. लोभ आहेच तुझा, अजून थोडा केलास तर ठेवायला जागा आहे.

तुझी
आजी

गुरुवार, ५ तारीख

ती. आजीस सा. न. वि. वि., टिटवीचा आज घाईघाईतला नमस्कार.

आजी, पावा घासू नकोस. हे एवढं आधी वाच, बाकीचं सावकाश.

तुझं पत्र दुपारी मिळालं आणि मी तशीच सरांकडे पळाले. सहा डागांचं सांगितलं तर ते हातातलं काम ठेवून उठले. म्हणाले, पितळेवर घाम मुरतो आणि वर्षानुवर्षं एकाच माणसाने वाजवलं की त्याची बोटं जिथे जशी टेकतात तिथे तसेच डाग पडतात. कुणी टोकांनी धरतं, कुणी आडव्या बोटांनी. माझ्या उजव्या हाताची अनामिका शेवटच्या भोकावर नीट बसत नाही, वारा निसटतो आणि पावा किंचाळतो. सगळे हसतात. सर म्हणाले, वडिलांचा हात तुझ्यासारखा असेल तर त्यांनी काय युक्ती केली होती ते डाग सांगतील.

पण ते एकच कारण नाही. आपल्याकडे बाबांचे पाच फोटो आहेत. मी मोजलेत. दोनांत हात खिशात, एकात पाठीमागे, एक छातीपाशीच कापलेला आणि एकात मी दुपट्यात गुंडाळलेली आणि त्यांचे हात दुपट्याखाली. मला बाबांचे हात आठवतच नाहीत, आजी. आवाज थोडा आठवतो, हात नाहीत. मला त्या सहा डागांवर माझी सहा बोटं ठेवायची आहेत.

म्हणून जसा आहे तसा कापसात गुंडाळून पाठव. काळा असू दे. मी पण पितळीच घेणार, हे ठरलं.

शिंपीणबाईंना सांग, मी एक अख्खं गाणं वाजवते. पाऊण तरी.

तुझ्या लोभाने आधीच लाडावलेली,
टिटवी

रविवार, ८ तारीख

चि. टिटवीस आशीर्वाद.

काल सकाळीच बसले होते मी. आधी लिंबूमीठ, मग राख, मग पॉलिशची डबी. कचेरीतली जुनी डबी, तळाशी थोडं उरलं होतं, ते सगळं लावलं. डाग हट्टी होते. शेवटचा तर निघेचना. मी त्याला चिडवतही होते, म्हटलं, तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत. दोन तास गेले. मग पावा खिडकीत उन्हाला ठेवला आणि शिंपीणबाईंना हाक मारून दाखवला. त्या म्हणाल्या, आरसा केलात अगदी. मी फुगले.

दुपारी पोस्टमन आला.

तुझं पहिलं वाक्य वाचून पुढचं वाचवेना. मग वाचलं. मग उन्हाकडे धरून पावा फिरवून फिरवून पाहिला. माझं तोंड दिसलं त्यात, दुसरं काही नाही.

काय सांगू गं. इतकी वर्षं लोकांची बोटं पुसून पोट भरलं, ठसा दिसला की हात आपोआप चालतो माझा. हा कुणाचा आहे ते पाहत नाही. पण पाहायला हवं होतं. आई होते ना मी त्याची.

तुला त्याचे हात कसे होते ते सांगते. रंगाने तुझ्यासारखे. बोटं लांब, सांधे जाड. उजव्या हाताचं मधलं नख लिफ्टच्या दारात सापडून वाकडं वाढलेलं. तळहात नेहमी गरम. पण तू विचारतेस ते मला सांगता येत नाही. टोकांनी धरायचा की आडवी धरायचा, अनामिकेचं काय करायचा, मला ठाऊक नाही. तो खाली खड्ड्यात वाजवायचा आणि मी वर घासत असायची. घरी कधी वाजवलं नाही त्याने, मीच म्हणायची, आता पुरे, दमून आलायस. मी त्याला नुसता ऐकलाय, वाजवताना कधी पाहिला नाही. काल दिवसभर आठवून पाहिलं. नाहीच पाहिला.

पावा पाठवते. सोबत फडकं पण घातलंय. ते धुतलं नाही. त्यावरचं काळं आहे ते सगळं पाव्याचं. वेड्यासारखं वाटेल तुला, पण दुसरं काय घालावं सुचेना.

रागावलीस तर रागाव. पण पत्र टाक.

आजी

मंगळवार, १७ तारीख

ती. आजीस नमस्कार.

पार्सल पोचलं. पावा छान चमकतो. मैत्रिणींना आवडला. सर बराच वेळ फिरवून फिरवून बघत होते.

मी निकेलचा घेतला. त्यावर कुणाचंच काही राहत नाही, रोज पुसला की पुन्हा कोरा. अनामिकेसाठी सरांनी दुसरी पद्धत दाखवली आहे, जमेल हळूहळू.

बाबांचा पावा परत पाठवते आहे. तुझ्याकडे इतकी वर्षं होता, तिथेच राहू दे. माझ्याने वाजवला जात नाही. फडकं ठेवून घेतलंय.

मी रागावलेली नाही. परीक्षा जवळ आली आहे म्हणून पत्र छोटं.

तुझी नात

सोमवार, २३ तारीख

चि. टिटवीस,
आजीचे आशीर्वाद. परत करायची सोय नाही त्यांना, ठेवून घे.

पावा पोचला. तू खाली टिटवी लिहिलं नाहीस ते पाहिलं. काही म्हणत नाही मी. लहानपणी मऊभातावर रुसायचीस तेव्हासुद्धा भिंतीकडे तोंड करून रागावले नाही म्हणायचीस.

निकेल चांगलं. तू निवडलंस ते चांगलंच. फक्त पाळ्यांसारखी बोटं सुजली, खाज आली, तर हट्टाने वाजवत बसू नकोस. हा इथे आहे. डब्यात ठेवला नाही, टेबलावर ठेवलाय. पुसत नाही. शिंपीणबाईंनी बोलता बोलता पदराने उचलला तर त्यांच्यावर अशी खेकसले की दोन दिवस चहाला आल्या नाहीत. मग मीच बोलावून आणलं.

रोज थोडा वेळ धरून बसते. माझी बोटं आखूड, चारच भोकं झाकतात. एकदा फुंकून पाहिलं तर किटली उकळल्यासारखा आवाज आला आणि खिडकीतलं कबूतर उडालं. तू असतीस तर हसली असतीस. चार दिवसांत थोडा मंद झालाय तो, पण नुसताच मंद. डाग नाहीत. आणि आले तरी माझे येतील, त्याचे नाहीत, एवढं मला कळतं.

सुट्टीत येशील ना? पावा वाजवायचाच असं नाही. नुसती ये.

लोभ पूर्वीइतकाच ठेव असं म्हणत नाही, जमेल तेवढा ठेव.

तुझी
आजी

ता. क. एक सांगायचं राहिलं. आज पावा खाली ठेवला आणि जेवायला बसले, तर घास तोंडाशी नेताना बोटांना तोच वास आला. अगदी तोच. ताट तसंच ठेवून उठले, मोरीपर्यंत गेले, साबण हातात घेतला. मग साबण जागेवर ठेवला आणि तशीच येऊन जेवले.